ओठाला लावलेला धागा

सोमवार : वडगाव ते संकेश्वर

बोरगाव काही लांब नाही. बेळगावातून निपाणीची गाडी, निपाणीतून दुसरी. सकाळी निघालेलं माणूस जेवायला पोचतं. तरी बेळगावच्या आमच्या वडगाव भागातल्या निम्म्या बायका तिकडं गेलेल्या नाहीत. मी परत आल्यापासून नळावर सगळ्या एकच विचारतात, काय बघितलंस. ऊस बघितला, म्हशी बघितल्या, एक माग बघितला. बाकीचं हातात घागर धरून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

मी सांधणी करते. मागावरचा ताणा संपत आला की नव्या ताण्याचा एकेक उभा धागा जुन्याच्या टोकाला पीळ देऊन जोडायचा, त्याला सांधणी म्हणतात. गाठ मारायची नाही, गाठ फणीत अडकते. बोट राखेत बुडवायचं, दोन टोकं धरायची, पीळ द्यायचा, पीळ दुमडायचा, सोडायचं. एका ताण्यात दोन हजारांवर धागे. डोळा जुन्या धाग्यावर ठेवायचा आणि नवा बोटानं उचलायचा. चौथीतून शाळा सुटली तेव्हापासून शहापूर-वडगावात मी हेच केलं. किती घरांत केलं ते सांगता येणार नाही.

वर्षभरापासून माझी बोटं बधिर होत चालली होती. साखर आहे, गोळी घेते. आधी टोकं गेली, मग दुसऱ्या पेरापर्यंत आलं. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्याकडं सांधणीची बोलावणी आप्पांकडून येतात. आप्पा म्हणजे साड्यांचे व्यापारी. कुणाच्या घरी माग द्यायचा, सांधायला कुणाला पाठवायचं, सगळं तेच ठरवतात. सांधणारीची बोटं मेली असं एकदा त्यांच्या कानावर गेलं की संपलं.

अशात बोरगावहून माझ्या मावसबहिणीचा, इंदूचा, फोन आला. तिची सून सुवर्णा वीस वर्षं विड्या वळते. तंबाखूनं तिची छाती धरली, रात्रंदिवस खोकला. आप्पांनी त्यांच्या घरी एक माग बसवून दिला होता. सुवर्णा विणायला शिकली होती, पण पहिला ताणा संपला आणि पुढं सांधायचं कुणाला येईना.

“आक्का, तू ये. तिला शिकीव. आप्पा शुक्रवारी येनार हाईत. धोटा पळताना दिसला न्हाय तर माग उचलून दुसऱ्याच्या घरात नेतो म्हणून सांगितलंय.”

नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. म्हणून गेले.

गाडीत कंडक्टरनं कन्नडात कुठं जायचं ते विचारलं, “यल्लि अज्जी?” निपाणी म्हणाले. कर्नाटकच्या गाडीत बायकांना पैसे पडत नाहीत, आधार कार्ड दाखवायचं. पिशवीत हात घातला. पूर्वी किल्ली कुठली, गोळ्यांची पट्टी कुठली, कार्ड कुठलं, हे न बघता हाताला कळायचं. आता सगळं सारखंच लागतं. शेवटी पिशवी मांडीवर उपडी केली. कंडक्टर मराठीत म्हणाला, “आज्जी, संसार मांडलासा की.” लोक हसले. मीही तोंड हसरं केलं.

संकेश्वरला गाडी जरा थांबते. स्टँडवर मिरच्यांची पोती उतरत होती, त्यांच्या ठसक्यानं सगळी माणसं शिंकत होती. मी पाय मोकळे करायला उतरले आणि नळापर्यंत गेले. मागून पेरू विकणारी एक बाई ओरडली, “ओ आज्जी, एक चप्पल हितं टाकून कुठं चाललाय? पायाला आवडंना व्हय?”

खाली बघितलं. उजवा पाय उघडा होता. उन्हात तापलेल्या खडीवरनं मी वीस-पंचवीस पावलं चालत आले होते आणि मला पत्ता नव्हता. बोटांचं ठाऊक होतं. पायांचं त्या दिवशी कळलं, तेही दुसरीनं सांगितल्यावर.

तिनं चप्पल आणून दिली. पेरू घ्या म्हणाली, घेतला. गाडीत बसून तळवा बघितला, तर टाचेला खडा रुतून बसला होता. तो काढला. पुढचा घाट सगळे खिडकीतून बघत होते, मी माझे पाय बघत बसले.

सोमवार : निपाणी, मग बोरगाव

निपाणीत उतरलं की नाकाला आधी कळतं. वखारींच्या बाजूनं वारा आला की घशात तंबाखू बसतो. आमच्याकडं गल्लीत मागाचा खटखट आवाज असतो, तिथं हा वास. तिथल्या माणसांना तो येतच नाही म्हणे.

स्टँडाशेजारी चहा घेतला. पोऱ्यानं काठोकाठ गिलास दिला, मी तो मुठीत धरून उभी राहिले. बाकड्यावरची दोन माणसं कडेला धरून फुंकर मारत होती. एक म्हणाला, “म्हातारीचा हात बघ रं. उकळता गिलास धरलाय.” दुसरा म्हणाला, “जुनी हाडं हायत ती.” मी गिलास खाली ठेवला. तळहात लाल झाला होता. चहाचा घोट घेतला तेव्हा मात्र ओठ पोळला. म्हटलं, एवढं तरी शाबूत आहे.

बोरगावात इंदूचं घर उसाला लागून आहे. आमच्यात माग घराच्या पुढच्या सोप्यात असतो, रस्त्यावरच्या माणसाला विणणारा दिसतो. हिच्यात माग म्हशींच्या गोठ्याला लागून, पत्र्याखाली. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, तर नदीकाठची जमीन, खड्ड्याला ओल. मी इंदूला म्हणाले, धागा दमट होतो, शेगडी ठेव. ती म्हणाली, “म्हशीला सोसतंय, धाग्याला सोसंना व्हय?” तरी ठेवली.

सुवर्णा चाळिशीची. बारीक, कमी बोलणारी, खोकला आला की तोंड फिरवून पदर धरणारी. जेवायला भाकरी, वांगं आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. त्यांच्याकडं ठेच्यात शेंगदाणा घालत नाहीत, नुसती आग. डोळ्यांतून पाणी आलं. इंदू म्हणाली, लई लागला काय. मी म्हणाले, लागू दे. मला बरंच वाटत होतं.

मंगळवार

सकाळी नवा ताणा लावला. हिरवी साडी, दोन्ही अंगांना तांबडा काठ. सुवर्णाला शेजारी बसवलं. तिनं विचारलं, “मावशी, नवा धागा किती ताणून धरायचा?”

मी म्हणाले, “मला विचारू नको. माझ्या हाताकडं बघ. मी करते तसं कर.”

मला माझ्या आत्यानं असंच शिकवलं होतं. तोंडानं सांगता येत नाही असं ती म्हणायची. मी तेच म्हणाले, आणि आणखी एक कारण होतं. किती ताणून धरायचं हे मलाच कळत नव्हतं. पूर्वी धागा बोटाला सांगायचा. आता मी दात आवळून, जास्तीच जोर लावून पीळ देत होते.

शंभरेक धाग्यांची पहिली जुडी मी केली. एवढ्याला पूर्वी चहा निवायचा नाही, आता दोन तास गेले. पोलकं घामानं भिजलं. मग म्हणाले, “आता तू कर. मी बसते.” म्हणजे शिकवणं झालं आणि माझं झाकलंही.

तिचा हात बघत राहिले. वीस वर्षं विडी वळलेली बोटं. दुपारपर्यंत माझ्या तरुणपणीच्या निम्म्या वेगानं ती जायला लागली. सुरुवातीला जरा अडखळायची, मग सरळ. मी लांबून बघत होते. जवळ जाऊन हात लावून बघायला पाहिजे होतं. पण हात लावून मला काय कळणार होतं?

संध्याकाळी तिनं शिल्लक राहिलेली विडीची पानं काढली. घेतलेली पानं परत द्यायची नसतात म्हणे. सूप मांडीवर घेऊन बसली. मला एक भिजवलेलं पान दिलं.

“हे वळवून बघा मावशी. जास्ती वाकवलं की तडकतंय. तडकायच्या जरा आधी बोटाला ते बास म्हणतंय. तितं थांबायचं.”

मी वाकवलं. तडकलं. दुसरं घेतलं, तेही तडकलं. मला कसलं बास ऐकू येत नव्हतं. तिसऱ्या वेळी पानाची कड खालच्या ओठाला लावली आणि हळूहळू वाकवली. तेव्हा कळलं. पान ताठ होतं, मग आतून एक बारीक विरोध येतो, तिथं थांबायचं.

सुवर्णा बघत होती. “मावशी, पान खाताय व्हय?”

“चव बघते,” मी म्हणाले.

ती हसली नाही. माझ्या बोटांकडं बघत राहिली. मी हात पदराखाली घेतले.

बुधवार

दिवसभर तिनं सांधलं. मी दोन पावलं लांब बसून इंदूशी बोलत होते. इंदूला सगळ्यांची लग्नं आणि मरणं सांगायची असतात. माझं लक्ष नव्हतं. सारखे पाय एकमेकांवर घासून बघत होते. पोटरीला कळायचं, घोट्याखाली काही नाही. दोन वेळा उठून गोठ्यापर्यंत गेले, दर पावलाला खाली बघत. इंदू म्हणाली, “काय पडलंय गं, काय हुडकतीस?”

“काही न्हाय.”

माणूस डोळे मिटलं तरी आपला हात कुठं आहे, पाय कुठं आहे, हे त्याला ठाऊक असतं. मी म्हणायची, तेवढं तरी कुणी आपल्याकडून काढून घेत नाही. त्या दिवशी डोळे मिटून बघितलं. पाय घोट्यापाशी संपत होते. डोळे उघडले की परत होते. भीती वाटली, हे लिहायला लाज नाही. सत्तरीत माणूस मरणाला इतकं भीत नाही.

गुरुवार

उजाडल्या उजाडल्या सुवर्णानं हाक मारली. वीस जुड्या झाल्या होत्या, शेवटची एकविसावी चालू होती.

“मावशी, नव्यातलं हिरवं संपलं. तांबडं लागलं. जुन्यात हिरवं अजून वीस धागे हाय.”

जुन्या आणि नव्या ताण्यात धागे सारखेच असतात. नव्यातलं हिरवं आधी संपलं म्हणजे कुठंतरी एका जुन्याला दोन नवे जोडले गेले. तेही एकदा नाही, वीसेक वेळा. असा ताणा विणला तर तांबडा काठ सरकून हिरव्या अंगात येतो आणि जागोजागी जाड रेघ उमटते. ती साडी कुणी घेत नाही. पुढचे सगळे धागे सरकलेले, त्यामुळं दुरुस्ती म्हणजे पहिल्यापासून उसवायचं. हातात एक दिवस आणि शुक्रवारची सकाळ.

माझं डोकं फिरलं. “डोळे कुठं होते तुझे? दोन दोन धागे घेतलेस? विडी न्हवं ही, दोन बोटात चिरडली आणि झालं.”

इंदू दारात आली. सुवर्णा उठून उभी राहिली. खोकला आला तो तिनं आधी होऊ दिला.

“प्रत्येक जुडीच्या पहिल्या धाग्याला मी दोन नवे घेतलेत,” ती म्हणाली. “चुकून न्हाय. मुद्दाम. तुम्ही तसं घेतलं म्हणून.”

“मी? कधी?”

“पहिल्या जुडीला. मला वाटलं, जुडीची सुरुवात घट्ट ऱ्हावी म्हणून घेत असाल. विचारणार होते. पण तुम्ही म्हणालासा, विचारू नको, करते तसं कर.”

मी पहिली जुडी उचलली. पहिला जोड चिमटीत धरला. काही कळलं नाही. दुसरा धरला. तोही तसाच. इंदू बघत होती, सुवर्णा बघत होती. मग मी तो जोड ओठावरनं ओढला. जाड. नंतरचा ओढला. बारीक. परत पहिला. दोन धागे, स्वच्छ.

“तुला कधी कळलं?” मी विचारलं.

“तवाच. तुम्ही केल्यावर मी बोट लावून बघितलंतं की. विडीत तंबाखू कमी पडला तर चिमटीला कळतंय, हे तर लई जाड होतं.” मग हळू म्हणाली, “तुमच्या बोटाला कळत न्हाय, ते पान तडकलं तवा वाटलंतं. पण मावशीला कसं विचारायचं?”

इंदू म्हणाली, “काय कळत न्हाय? काय बोलतीस गं?”

“बरोबर बोलती,” मी म्हणाले. “माझी बोटं मेलीत. पायपण. आता बस आणि उसवायला घे.”

बोलून टाकल्यावर बरं वाटेल असं लोक म्हणतात. तसं काही झालं नाही. आप्पा उद्या येणार होतेच.

दिवसभर ती उसवत आणि सांधत होती. मी राख करून दिली, टोकं सोडवून दिली आणि जुडी झाली की एकेक जोड ओठावरनं ओढून बघितला. ओठाला राख लागून कातडी निघाली. दिवस मावळला तेव्हा अकरा जुड्या झाल्या होत्या. दिव्याच्या उजेडात हिरवा आणि तांबडा सारखाच दिसतो, म्हणून थांबलो.

शुक्रवार

आप्पा साडेअकराला आले. सकाळपासून आणखी सहा जुड्या झाल्या होत्या. चार अजून व्हायच्या होत्या. माग बंद. आप्पांनी चप्पल काढली, आत येऊन उभ्या उभ्या ताणा बघितला.

“चार दिवस झाले न्हवं?” ते म्हणाले. “आक्कासारखी बाई शिकवायला असून असं? सूनबाईला जमत न्हाय तर तसं सांगा. मी जबरदस्ती करत न्हाय. दुसरं घर तयार हाय.”

सुवर्णानं मान खाली घातली आणि हात चालूच ठेवला. ती काही बोलणार नव्हती. इंदूनं माझ्याकडं बघितलं. ती पण बोलणार नव्हती; मी पाहुणी, मोठी, तिनंच बोलावलेली. मी गप्प बसले असते तर सुवर्णाला जमलं नाही एवढंच ठरलं असतं. माग गेला असता, ती परत सुपापाशी बसली असती, आणि मी सोमवारपासून वडगावात कुठं ना कुठं सांधत राहिले असते, सापडेपर्यंत. हे सगळं मी मनात धरून बघितलं. चांगली बाई असते तर बघितलं नसतं.

“आप्पा, चूक माझी हाय,” मी म्हणाले. “पहिला जोड मी चुकवला. तिनं माझं बघून केलं. माझ्या बोटांत जीव न्हाय.”

“थकला असाल आक्का. प्रवास झालाय.”

हे खरं नसावं असं त्यांनाही वाटत होतं, मलाही. मी बांगडीला अडकवलेली पिन काढली. आप्पांच्या तोंडाकडं बघत उजव्या हाताच्या मधल्या बोटात खुपसली. त्यांचं तोंड आकसलं. माझं नाही. रक्त राखेत पडलं ते मला इंदूच्या ओरडण्यावरनं कळलं.

“पुरे,” आप्पा म्हणाले.

सुवर्णानं वळून बघितलं नाही. ती जुडी सोडून हलली असती तर धागे सुटले असते. मला ते आवडलं.

आप्पा गोठ्यातल्या पोत्यावर बसले.  मग म्हणाले, “मग वडगावात सांधायला आता कुणाला सांगू?”

“ते तुम्ही बघा.”

“शांताबाईंच्यात बुधवारी ताणा लागणार हाय. तुमचं नाव सांगितलंतं.”

“काढा.”

“बरं.” त्यांनी इंदूकडं बघितलं. “चहा टाका. ह्यो माग पळताना बघूनच जातो.”

तीन वेळा चहा झाला. पाच वाजता सुवर्णा खड्ड्यात पाय सोडून बसली. जोड फणीतून ओढताना सगळी वाकून बघत होती. एक धागा तुटला, तिनं परत पीळ दिला. आडवा धागा घेऊन धोटा पळाला. चार बोटं कापड झाल्यावर आप्पांनी वाकून काठावरनं अंगठा फिरवला.

“सरळ हाय,” ते म्हणाले आणि चप्पल घालून गेले. शाबासकी नाही, काही नाही. माग राहिला.

शनिवार, आणि त्यानंतर

परतीला सुवर्णा निपाणीपर्यंत आली. स्टँडवर वाकून तिनं माझ्या चपलांना मागून नाडी बांधली, लहान पोराच्या असते तशी. मी म्हणाले, लोक हसतील. ती म्हणाली, “हसू देत. चप्पल तर ऱ्हाईल.”

संकेश्वरला उतरले नाही.

घरी आता सगळ्यांना ठाऊक आहे. माझी सून रोज संध्याकाळी माझे तळवे उजेडात धरून बघते, कुठं कापलंय काय, भाजलंय काय. तिला दिसतं, मला कळत नाही. आप्पांचं बोलावणं आलेलं नाही. शांताबाईंच्यात दुसरी गेली. खिडकीतून मागाचे आवाज ऐकते आणि कुणाचा धागा तुटला ते कळतं, एवढं अजून आहे. तेही किती दिवस, हे विचारायला डॉक्टरकडं अजून गेलेले नाही. जायचं आहे.

गेल्या आठवड्यात सुवर्णाचा फोन आला. हिरवा ताणा संपून पुढचा लावला होता. फोनवर मागाची खटखट येत नव्हती, माग बंद होता.

“मावशी, तवा विचारलंतं, तुम्ही सांगितलं न्हाय. नवा धागा किती ताणून धरायचा? कधी सुटतंय, कधी तुटतंय.”

हाताकडं बघ म्हणायला हात तिकडं नव्हता. आणि असता तरी उपयोग नव्हता. मी फोन तसाच चालू खाली ठेवला, सुनेच्या मागावरचा एक तुटका धागा घेतला, एक टोक दातात धरलं, खालच्या ओठावरनं हळूहळू ओढला. साठ वर्षं जे केलं ते पहिल्यांदा नीट बघत होते. आधी सैल. मग ताठ. मग आतून तो बारीक विरोध.

फोन उचलला. “पान वाकवतीस न्हवं?” मी म्हणाले. “तडकायच्या आधी बास म्हणतंय, तितं थांबतीस. धागा तेवढाच ताण.”

 पलीकडून पीळ देताना बोटं घासल्याचा बारीक आवाज आला, मग आणखी एकदा. ती करून बघत होती.

“व्हय,” ती म्हणाली. “कळलं.”